स्कॉटच्या स्लेजवरचे दगड आणि दक्षिण ध्रुवाच्या वाटेवरचा पर्वत

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत दक्षिण ध्रुवाच्या शर्यतीवर आलेला लेख वाचला. लेख ओघवता आहे, नॉर्वेचा आमुंडसेन आणि ब्रिटनचा स्कॉट यांच्या तयारीतला फरक त्यात नेमका टिपला आहे, आणि ते दोघे ध्रुवावर पोहोचल्याच्या अनुक्रमे १४ डिसेंबर १९११ व १७ जानेवारी १९१२ या दोन्ही तारखाही बिनचूक आहेत. तक्रार आहे ती दोन बाबींविषयी. परतीच्या वाटेवर स्कॉटच्या सोबत्यांनी जे दगड स्लेजवर चढवले, ते लेखकाने निरर्थक ओझे ठरवून एका वाक्यात निकालात काढले आहेत. शिवाय एवढ्या मोठ्या लेखात पर्वताचा उल्लेख एकदाही आलेला नाही. वाचणाऱ्याचा समज असा व्हावा की समुद्रकिनाऱ्यापासून ध्रुवापर्यंत एकच पांढरे सपाट मैदान पसरले आहे आणि त्यावरून आधी कोण पोहोचतो एवढाच काय तो प्रश्न होता. प्रत्यक्षात त्या वाटेवर एक प्रचंड पर्वतरांग आडवी पडलेली आहे, ती चढून गेल्याशिवाय दोघांपैकी कोणालाच ध्रुव गाठता आला नसता, आणि ज्या दगडांची लेखात हेटाळणी झाली आहे ते त्याच पर्वतातले आहेत. मध्य प्रदेशातल्या वाचकाला तर त्यांच्याविषयी विशेष आस्था वाटावी असे कारण आहे. इंदुरात मुलांना भूगोल शिकवण्यात उमेद खर्ची घातलेल्या माणसाला हे सांगितल्यावाचून राहवत नाही. पत्र थोडे लांबले आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

या रांगेला ट्रान्सअंटार्क्टिक पर्वत म्हणतात. व्हिक्टोरिया लँडच्या टोकावरील केप अडेअरपासून ती सुरू होते आणि खंड आडवा कापत थेट वेडेल समुद्राच्या बाजूच्या कोट्स लँडपर्यंत जाते. लांबी सुमारे ३,५०० किलोमीटर, म्हणजे हिमालयाहूनही अधिक. रुंदी कोठे शंभर, तर कोठे तीनशे किलोमीटर. सर्वांत उंच शिखर माउंट कर्कपॅट्रिक ४,५२८ मीटरांचे आहे. (सात खंडांतली सात शिखरे सर करणाऱ्यांच्या बातम्यांत येणारे ४,८९२ मीटर उंचीचे विन्सन या रांगेतले नव्हे. ते एल्सवर्थ पर्वतात आहे. वृत्तपत्रांत या दोन्ही पर्वतांची बरेचदा सरमिसळ होते, म्हणून हा खुलासा.) या रांगेच्या एका अंगाला पूर्व अंटार्क्टिकाचे जुने, जाड बर्फाखाली दबलेले पठार आहे, दुसऱ्या अंगाला पश्चिम अंटार्क्टिका, जिथे बर्फाखालचा खडक बहुतांशी समुद्रसपाटीच्याही खाली आहे. ध्रुव स्वतः त्या पठारावर, सुमारे २,८०० मीटर उंचीवर आहे. रॉस समुद्राच्या बाजूने निघालेल्या माणसाला आधी तरंगत्या बर्फाच्या अफाट फळीवरून चालावे लागते, मग हा पर्वत चढावा लागतो आणि त्यानंतर पठारावरचा वारा सोसत पुढे जावे लागते. शर्यतीचा खरा कस या मधल्या टप्प्यात लागला.

पर्वत दिसला कधी आणि त्यात शिरता आले कधी, यांत साठ वर्षांहून अधिक अंतर आहे. जानेवारी १८४१ मध्ये जेम्स क्लार्क रॉस ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही दोन जहाजे घेऊन चुंबकीय दक्षिण ध्रुवाच्या शोधात निघाला होता. बर्फाच्या तुकड्यांमधून वाट काढत तो मोकळ्या पाण्यात पोहोचला, तर समोर क्षितिजभर हिमाच्छादित शिखरे. त्याला हवे होते ते ठिकाण त्या शिखरांच्या पलीकडे होते, आणि जहाज काही डोंगर चढत नाही. पुढे स्कॉटच्या पहिल्या मोहिमेत हे पर्वत अधिक जवळून न्याहाळले गेले. १९०२ च्या नोव्हेंबरात स्कॉट, विल्सन आणि शॅकल्टन असे तिघे दक्षिणेकडे निघाले आणि डिसेंबरअखेर दक्षिण अक्षांश ८२ अंश १७ मिनिटांपर्यंत पोहोचले. उजव्या हाताला पर्वतांची रांग सतत सोबतीला होती, पण तिच्यात शिरण्याची वाट काही सापडली नाही. त्याच मोहिमेतला तरुण भूवैज्ञानिक हार्टली फेरार याने किनाऱ्याजवळच्या डोंगरांत फिकट वालुकाश्माचे आडवे थर आणि त्यांत घुसलेल्या काळ्याकभिन्न खडकाचे पट्टे पाहून नोंदवले. त्या काळ्या खडकाला आज फेरार डोलेराइट हे नाव आहे.

वाट सापडली ती शॅकल्टनला, १९०८ मध्ये. डिसेंबरच्या सुरुवातीला माउंट होप नावाच्या छोट्या डोंगरावर चढून त्याने दक्षिणेकडे पाहिले, तेव्हा पर्वताच्या मधून वर जाणारा बर्फाचा रुंद रस्ताच त्याला दिसला. हीच बिअर्डमोर हिमनदी. पठारावर साचलेला बर्फ पर्वतातल्या खिंडींतून असा खाली ओघळतो. आपल्याकडे घाट जे काम करतो तेच काम तिथे हिमनदी करते, फरक इतकाच की हा घाट हलता आहे आणि त्याला जागोजागी भेगा आहेत. त्या भेगा किती जीवघेण्या असतात हे ७ डिसेंबरला कळले. सॉक्स नावाचे त्यांचे शेवटचे तट्टू फ्रँक वाइल्डच्या हाती होते. वरून बर्फाने झाकलेली एक भेग तट्टवाच्या वजनाने फुटली आणि ते आवाजही न होता नाहीसे झाले. वाइल्ड कडेला कसाबसा लोंबकळत राहिला, आणि स्लेजची जोडणी तुटल्यामुळे तेवढी स्लेज वाचली. तट्टवाबरोबर स्लेजही गेली असती, तर चौघांना तिथूनच परत फिरावे लागले असते. ते पुढे गेले, आणि ९ जानेवारी १९०९ रोजी ८८ अंश २३ मिनिटांवरून, ध्रुव सुमारे १८० किलोमीटर राहिला असताना मागे वळले. त्यांनी याच चढणीवर कोळशाचे थरही पाहिले होते. बर्फाच्या खंडात कोळसा! शॅकल्टनच्या मोहिमेतली ही गोष्ट मला तरी त्याच्या ध्रुवाजवळ पोहोचण्याहून मोठी वाटते.

स्कॉटने १९११ मध्ये शॅकल्टनचाच घाट धरला. आमुंडसेनने मात्र कोणीही न पाहिलेल्या बाजूने चाल केली. पुढे पर्वत कसा असेल, त्यात वाट असेल की नाही, याची त्याला काहीच कल्पना नव्हती. नोव्हेंबरात त्याला अॅक्सेल हायबर्ग ही हिमनदी सापडली. बिअर्डमोरच्या मानाने ती आखूड, पण फार उभी. भेगा आणि बर्फाचे कडे चुकवत तिच्यावरून तो चार दिवसांत कुत्र्यांसह पठारावर पोहोचला. वर गेल्यावर त्याने चोवीस कुत्री मारली, त्यांचे मांस उरलेल्या कुत्र्यांना आणि माणसांना खाऊ घातले. तो हिशेब निघण्याआधीच ठरलेला होता. आमुंडसेनच्या यशाचे श्रेय लेखकाने कुत्री आणि स्की यांना दिले आहे, ते रास्तच आहे. पण अनोळखी पर्वतातून आखूड वाट हेरण्याची त्याची नजर मी त्याच्या जोडीला ठेवीन.

आता दगडांविषयी. ध्रुवावर नॉर्वेचा झेंडा पाहून परतणारे पाच जण ८ फेब्रुवारी १९१२ रोजी बिअर्डमोरच्या वरच्या भागात, माउंट बकलीच्या पायथ्याशी आले. तिथे वारा पडलेला होता आणि कड्यांखाली हिमोढ, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या दगडधोंड्यांची रास पसरली होती. स्कॉटने तिथेच तळ टाकून उरलेला दिवस खडक पाहण्यात घालवायचे ठरवले. मोहिमेचा डॉक्टर आणि निसर्गअभ्यासक एडवर्ड विल्सन याला कोळशाच्या थरांच्या जोडीने पानांचे ठसे असलेले दगड मिळाले. मोठी पाने त्याला बीच वृक्षाच्या पानांसारखी वाटली. असे सुमारे १६ किलो नमुने त्यांनी बरोबर घेतले. १७ फेब्रुवारीला हिमनदीच्या पायथ्याशी एडगर इव्हान्स गेला, मार्चच्या मध्यावर दुसरा सोबती ओट्स तंबूतून बाहेर पडला तो परतला नाही, आणि मार्चअखेर स्कॉट, विल्सन व बावर्स हे तिघे अन्नसाठ्यापासून अवघ्या २० किलोमीटरांवर तंबूतच संपले. १२ नोव्हेंबरला शोधपथकाला तो तंबू सापडला, तेव्हा दगड स्लेजवर होते. तोवर जे जे टाकून देता येईल ते त्यांनी टाकले होते; दगड टाकले नव्हते.

ही त्यांची चूक होती का? माझे मत असे की त्या अर्ध्या दिवसाच्या मुक्कामाचा जाब स्कॉटला जरूर विचारता येईल, कारण जखमी इव्हान्स तेव्हाच खचत चालला होता आणि उन्हाळा सरत होता. पण १६ किलोंनी त्यांचा घात केला हे म्हणणे पटण्यासारखे नाही. अपुरे अन्न, डब्यांतून उडून गेलेले रॉकेल, मार्चमध्ये अनपेक्षितपणे कोसळलेले तापमान, आणि एकेका गड्याचे पाय निकामी होणे ही कारणे समोर असताना साऱ्याचे खापर दगडांवर फोडणे म्हणजे गोष्ट सोपी करून सांगणे आहे.

ते नमुने इंग्लंडला पोहोचले आणि वनस्पती-जीवाश्मांचे जाणकार अल्बर्ट सीवर्ड यांनी १९१४ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाने बीचची नव्हती. ती ग्लॉसोप्टेरिस या नामशेष झाडाची होती, आणि सीवर्ड यांनी ज्या जातीची नोंद केली ती ‘ग्लॉसोप्टेरिस इंडिका’. ज्यांना या नावाशी ओळख नाही त्यांनी परासियाकडच्या कोळसा खाणीच्या परिसरातला राखी शेलचा, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या थरथरांच्या दगडाचा, तुकडा डोळ्यांसमोर आणावा. असा एक तुकडा आमच्या महाविद्यालयाच्या कपाटात होता आणि वर्गात तो हातोहात फिरे. तळहाताएवढे, जिभेच्या आकाराचे पान, मधोमध टोकाकडे निमुळती होत गेलेली ठसठशीत शीर, तिच्या दोन्ही अंगांना तिरप्या, एकमेकींत मिसळून बारीक जाळे विणणाऱ्या उपशिरा. उन्हात तिरपे धरले की जाळ्याचा एकेक डोळा मोजता येतो. दगडाच्या कडेला काळी भुकटी बोटाला लागते, कारण पानाचा उरलासुरला अंश म्हणजे कोळसाच. बिअर्डमोरच्या दगडांत सीवर्ड यांनी जे ओळखले ते याच घराण्याचे पान. सारणीच्या वीज केंद्रात जळणारा पाथाखेड्याचा कोळसा त्याच झाडांच्या अरण्यांतून झाला आहे.

ही झाडे साधारण तीस ते पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या पर्मियन काळातली. दलदलीच्या जमिनीत ती वाढत आणि बहुधा दरवर्षी पाने गाळत; म्हणूनच अशा शेलमध्ये पानांवर पाने पडलेली दिसतात. अंटार्क्टिकातल्या त्यांच्या अश्मीभूत खोडांवर वर्षवलयेही स्पष्ट आहेत. ध्रुवाजवळ असल्यामुळे तिथे तेव्हाही महिनोन्महिने अंधार असणार. त्यात अरण्ये कशी तग धरत होती हा वनस्पतिशास्त्रातला आजही रंगणारा विषय आहे.

एकट्या पानाहून खडकांचा क्रम अधिक बोलका आहे, आणि पचमढीला जाऊन आलेल्या कोणालाही तो समजेल. सातपुड्यात सर्वांत खाली तालचीर नावाचे थर आहेत. त्यांत जुन्या हिमनद्यांनी घासून आणलेले गोटे सापडतात. त्यांच्यावर बराकरचे कोळशाचे थर येतात. त्यांच्यावर बिजोरीचे थर, त्यांतही ग्लॉसोप्टेरिस. मग पचमढीचा वालुकाश्म, ज्याचा धूपगड बनला आहे. आणि या सगळ्यांना भेदून किंवा झाकून काळा बेसाल्ट. बिअर्डमोरच्या आसपास चढत गेले तर तळाशी पॅगोडा नावाचा हिमनदीजन्य गोट्यांचा थर, त्यावर बकलीचे कोळशाचे थर आणि त्यांत ग्लॉसोप्टेरिस, त्यावर फ्रेमाऊचे वालुकाश्म, आणि या सगळ्यांत घुसलेला किंवा वर पसरलेला काळा डोलेराइट व बेसाल्ट. आधी हिमयुग, मग दलदलीची अरण्ये, मग नद्यांची वाळू, मग ज्वालामुखी. एवढे साम्य योगायोगाने येत नाही; भारत आणि अंटार्क्टिका एके काळी एकाच महाखंडात जोडलेले होते. मात्र शेवटच्या पायरीवर दोन्हीकडचे खडक एकच समजू नयेत. माळव्यातला आपला काळा दगड सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, तर फेरारचा सुमारे १८ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीचा. पहिला उद्रेक झाला तेव्हा भारत त्या जुन्या महाखंडातून कधीच सुटला होता, दुसरा मात्र तो महाखंड फुटू लागतानाचा आहे. त्या महाखंडाला गोंडवन हे नाव आपल्याच प्रदेशावरून मिळाले आहे, हे बहुतेकांना ठाऊक असते.

अर्थात स्कॉटच्या दगडांनी खंडवहन, म्हणजे खंडांचे सरकणे, सिद्ध केले असे म्हणणेही अतिशयोक्तीचे होईल. सीवर्ड यांचा अभ्यास आला तेव्हा बहुतेक भूवैज्ञानिक बुडालेल्या जमिनीच्या पुलांवर विश्वास ठेवत. झाडे त्या पुलांवरून पसरली, मग पूल बुडाले, असे ते म्हणत. आल्फ्रेड वेगेनर याने खंड सरकतात ही कल्पना पहिल्यांदा जाहीरपणे मांडली ती ६ जानेवारी १९१२ रोजी फ्रँकफर्टमध्ये, स्कॉट ध्रुवावर पोहोचण्याच्या अकरा दिवस आधी. वेगेनर स्वतःही ध्रुवप्रदेशाचा प्रवासी होता, आणि पुढे १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फावरच त्याला मृत्यू आला. त्याच्या हयातीत त्याची कल्पना बहुतांश भूवैज्ञानिकांनी धुडकावली; समुद्रतळाचे पुरावे मिळून ती मान्य व्हायला १९६० चे दशक उजाडावे लागले. पर्वताने आपली साक्ष त्याच सुमारास पुरी केली. १९६७ मध्ये पीटर बॅरेट या न्यूझीलंडच्या भूवैज्ञानिकाला ग्रॅफाइट पीकवर एका प्राचीन उभयचराच्या जबड्याचा तुकडा मिळाला, आणि १९६९ मध्ये कोलसॅक ब्लफ येथे एडविन कोलबर्ट यांच्या पथकाला लिस्ट्रोसॉरसची हाडे मिळाली. हा डुकराएवढा, दोन सुळ्यांचा, जमिनीवर वावरणारा प्राणी. राणीगंजजवळच्या पंचेत थरांतून त्याची हाडे आपल्याकडे आधीच निघालेली होती, आणि दक्षिण आफ्रिकेतही. तो महासागर पोहून गेला असेल असे कोणी म्हणू शकले नाही. पुढे १९९०–९१ च्या मोसमात विल्यम हॅमर यांच्या पथकाने माउंट कर्कपॅट्रिकवर, सुमारे चार हजार मीटर उंचीवर, क्रायोलोफोसॉरस नावाचा डोक्यावर तुरा असलेला मांसाहारी डायनासोर खणून काढला. धार जिल्ह्यातल्या बाघच्या डायनासोरच्या अंड्यांच्या बातम्या आपण कौतुकाने छापता. हा प्राणी त्यांच्याहून कित्येक कोटी वर्षांनी जुना आहे.

पर्वत उभा कसा राहिला, हेही सांगायला हवे, कारण विद्यार्थी हटकून हिमालयाचे उत्तर इथे चिकटवतात. हिमालय दोन भूखंडांच्या टकरीतून झाला, म्हणून त्याचे थर मुडपलेले, उलटेपालटे झालेले आहेत. ट्रान्सअंटार्क्टिक पर्वतात वरचे थर जवळजवळ आडवे आहेत. इथे टक्कर नव्हे, ताण कारणीभूत झाला. पश्चिम अंटार्क्टिकाचे भूकवच ताणले जाऊन खचले आणि त्या खचदरीची कड वर उचलली गेली. हे उचलणे साधारण साडेपाच कोटी वर्षांपूर्वी जोरात सुरू झाले असे खनिजांच्या अभ्यासावरून दिसते. हिमनद्यांनी कोरून नेलेल्या खडकाचा भार कमी झाल्यामुळे शिखरे आणखी वर आली असे काही अभ्यासक मानतात, आणि कारणांच्या वाटपावर त्यांचे वाद चालू आहेत. महूहून मंडलेश्वरकडे जाताना जाम गेटवर उभे राहिले की माळव्याचे पठार एकदम तुटते आणि खाली नर्मदेची खचदरी पसरते. तो कडा कितीतरी पटींनी उंच करावा, मागच्या पठारावर दोन-तीन किलोमीटर बर्फ चढवावा आणि तो बर्फ घाटाघाटांतून खाली सांडू द्यावा, म्हणजे बिअर्डमोरच्या पायथ्याशी उभ्या राहिलेल्या माणसाला काय दिसले असेल याची थोडी कल्पना येईल.

बर्फ अडवण्याच्या या कामातून काही अद्भुत गोष्टी घडल्या आहेत. मॅकमर्डो परिसरात पर्वताने बर्फ इतका पक्का अडवला आहे की खाली कोरड्या, उघड्या खडकाच्या दऱ्या आहेत. पहिली अशी दरी स्कॉटनेच १९०३ मध्ये पाहिली. अॅलन हिल्स येथे पठाराचा बर्फ डोंगराला अडून थबकतो, वारा त्याचा वरचा थर उडवून नेतो आणि हजारो वर्षे बर्फात पुरलेल्या उल्का पृष्ठभागावर उघड्या पडतात. मंगळावरून आलेली, १९८४ मध्ये उचललेली आणि १९९६ मध्ये सूक्ष्मजीवांच्या खुणांच्या दाव्याने गाजलेली उल्का तिथलीच. त्या दाव्यावर बहुतेक शास्त्रज्ञांचा विश्वास बसला नाही, तो भाग वेगळा.

एक लहानसा प्रसंग लेखकाला पुढच्या लेखासाठी उपयोगी पडेल. परतताना आमुंडसेनने माउंट बेटी नावाच्या टेकडीवर दगडांची रास रचून तिच्यात चिठ्ठी ठेवली होती. १९२९ च्या डिसेंबरात रिचर्ड बर्ड यांच्या मोहिमेतले भूवैज्ञानिक लॉरेन्स गूल्ड कुत्र्यांच्या स्लेजवरून या पर्वतात फिरत असताना त्यांना ती रास जशीच्या तशी मिळाली. त्याआधी नोव्हेंबरच्या अखेरीस बर्ड विमानाने ध्रुवावर जाऊन आले होते, आणि त्यांच्याही वाटेत हाच पर्वत आडवा आला: भरलेले विमान खिंडीच्या उंचीपर्यंत चढेना, तेव्हा खाण्याच्या पिशव्या बाहेर फेकून त्यांनी ती ओलांडली. गूल्ड यांना मात्र स्लेजच्या कष्टाने माउंट नान्सेनच्या उतारावर तेच वालुकाश्म आणि कोळसा सापडला, आणि बिअर्डमोरचे थर शेकडो किलोमीटर पुढेही चालू आहेत हे कळले. विमानातून गेलेल्यांना दगड उचलता आले नाहीत.

लेखाच्या शेवटी भारताचा त्या खंडाशी संबंध केवळ संशोधन केंद्रांपुरता सांगितला आहे. त्यात थोडी भर घालतो. भारताची पहिली मोहीम डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली ९ जानेवारी १९८२ रोजी तिथे उतरली. ‘मैत्री’ केंद्र ज्या शिरमाखर ओॲसिसमध्ये आहे, त्याच्या दक्षिणेला वोल्थाट पर्वत आहेत, आणि तिथले खडक नकाशावर आणण्याचे काम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या माणसांनी केले आहे. ‘भारती’ केंद्र आहे त्या भागात तर आपला पूर्व किनारा एके काळी जोडलेला होता; लँबर्ट हिमनदीची खचदरी आणि ओडिशातले महानदीचे खोरे हे मुळात एकाच खचदरीचे दोन तुकडे आहेत असे बहुतेक भूवैज्ञानिकांचे मत आहे, आणि त्या हिमनदीकाठच्या प्रिन्स चार्ल्स पर्वतातही पर्मियन कोळसा आणि ग्लॉसोप्टेरिस आहे. हा कोळसा कोणी काढेल का, असा प्रश्न लेख वाचून माझ्या एका विद्यार्थ्याने विचारला. १९९१ च्या माद्रिद करारनाम्याने अंटार्क्टिकात शास्त्रीय संशोधनाखेरीज खनिजांशी संबंधित कोणत्याही कामाला मनाई केली आहे, भारताने त्यावर सही केली आहे, आणि २०२२ मध्ये आपल्या संसदेने त्यासाठी स्वतंत्र कायदाही केला आहे. त्यामुळे बिअर्डमोरच्या कोळशाला सध्या तरी कुदळ लागणार नाही.

ज्या वाचकांना ग्लॉसोप्टेरिसचे पान प्रत्यक्ष पाहायचे असेल त्यांनी लखनौच्या बिरबल साहनी पुराविज्ञान संस्थेचे संग्रहालय किंवा कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधले जीवाश्म दालन पाहावे. खाणीच्या परिसरातले दगड मात्र परवानगीवाचून उचलू नयेत. तिथे अपघाताचा धोका असतो, आणि ठिकाणाची नोंद नसलेला नमुना अभ्यासाच्या कामाचाही राहत नाही. विल्सनने आपल्या वहीत जागा आणि तारीख लिहून ठेवली होती, म्हणून सीवर्ड यांना ते दगड कोणत्या थरातले हे सांगता आले.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त भूगोल प्राध्यापक
रामबाग, इंदूर